वाकड्या गाडीचे शौकीन

गाडी चालवणाऱ्या माणसानं मला आयुष्यात फार छळलं नाही. छळलं ते गाडीवर प्रेम करणाऱ्यांनी. चालवणारा येतो, सीट फाटली म्हणतो, मी शिवून देतो, तो जातो. प्रेम करणारा येतो, स्टुलावर बूड टेकतो, माझ्याच चहाचा घोट घेतो आणि गाडी म्हणजे काय असते ते मलाच समजावून सांगतो. वडशाला रेल्वे फाटकाजवळ माझं कुशनचं दुकान आहे. आता मुलगा बसतो, मी नुसता खोकायला आणि खोड्या काढायला जातो. उभी हयात त्या दुकानात गेली, त्यामुळे शौकीन माणूस मी दुरून चपलेवरून ओळखतो.

कुशनवाला म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. गाडीचं इंजिन मिस्त्री बघतो, पत्रा डेंटर ठोकतो, रंग पेंटर मारतो, आणि माणूस ज्यावर बसतो ते आम्ही करतो. खाली स्प्रिंगा, वर नारळाचा काथ्या, त्यावर फोम, त्यावर रेक्झिन, कडेनं पायपिंग. जीपचं हूडही आम्हीच शिवतो. माझा बाप चपला शिवायचा, मी सीट शिवली. दाभण तेच, चामडं बदललं. एवढं ध्यानात ठेवा की माणूस गाडीत डोळ्यानं बसत नाही, बुडानं बसतो. शौकिनांना हे मरेपर्यंत कळत नाही.

तेंदूपत्त्याचा एक ठेकेदार होता. त्याला जीपमध्ये लाल मखमल पाहिजे होती. मी म्हटलं, भाऊ, उघडी जीप, जंगलातला पाऊस, मखमल टिकायची नाही. तो म्हणे, "तू शिव ना बे, शौक आहे माहा." शिवली. श्रावणात त्या मखमलीवर अळंबी उगवली. गाडी घेऊन आला आणि माझ्यावरच डाफरला. मी म्हटलं, तोडून घरी न्या, भाजी चांगली होते. दुसरा एक ताडोब्याला पर्यटक फिरवणारा. त्याला सीटांवर हिरवं-मातकट लष्करी कापड पाहिजे, काऊन तर वाघाला गाडी दिसू नये. आणि त्या सीटवर बसणार कोण? गुलाबी टोप्या घातलेली आठ माणसं, हातात कुरकुरे. वाघ आंधळा आहे का बाप्पा?

पण हे सगळे परवडले. आता ज्या शौकिनांबद्दल सांगतो त्यांनी एका म्हाताऱ्या माणसाचा जीव खाल्ला, तेही हार घालून.

आमचं वडसा म्हणजे झाडीपट्टी नाटकाचं ठाणं. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक. नाटक आहे हे लोकांना सांगायला दिवसभर भोंग्याची गाडी फिरवावी लागायची. दादाजी म्हणून एका नाटक मंडळीचे मालक होते. त्यांनी सरकारी खात्याच्या लिलावातून साहेब लोकांची एक गोल पाठीची पांढरी गाडी उचलली. तिचं पुढचं तोंड धड होतं, मागचं गंजून गेलं होतं. ती त्यांनी पुंडलिकाकडे टाकली.

पुंडलिक मिस्त्री माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीत वेल्डिंग करायचा. जात्याच तापट. गिऱ्हाइकानं "असं करा" म्हटलं की मुद्दाम तसं करायचा नाही. ढिवराच्या घरचा, बाप तलावात मासे धरायचा आणि डोंगे, म्हणजे लहान होड्या, बनवायचा. पुंडलिक स्वतःची तारीफ तोंडानं भरपूर करायचा, त्यामुळे दुसऱ्या कोणी करायची पाळीच येत नसे. आमच्याकडे तशी गाडीची तारीफ म्हणजे "चालू होते ना?" एवढीच. त्याच्यापुढं कोणी जात नाही.

त्यानं गाडीचा मागचा भाग कापून टाकला, चौकट लांब केली, आणि तिथं डोंग्यासारखी निमुळती शेपटी बनवली. त्या शेपटीत एक उघडी सीट, मागं तोंड करून. भोंगेही मागं तोंड करून. का? तर भोंगा वाजत गाडी गल्लीतून जाते, बाया हातातलं काम टाकून दारात येईपर्यंत ती पुढं निघून जाते. पुढं तोंड करून ओरडणाऱ्याचं ऐकायला समोर कोणीच नसतं. माणसं मागं असतात. म्हणून पुकारणाऱ्याचं तोंड मागं. एवढी साधी गोष्ट, पण ती पुंडलिकालाच सुचली, हे मी त्याचा मित्र असूनही कबूल करतो.

आता त्याची चूक सांगतो, कारण सगळी भानगड त्या चुकीची आहे. एवढी लांब गाडी त्याच्या गल्लीत मावेना. मग वडशात सगळ्यात गुळगुळीत जागा कोणती? राइस मिलचा धान वाळवायचा सिमेंटचा ओटा. गाडी तिथं उभी केली. पुंडलिकानं नवा मागचा भाग लावताना ओळंबा सोडला, नळीत पाणी भरून लेव्हल घेतली, केसभर इकडचं तिकडं होऊ दिलं नाही. वेल्डिंग पक्कं झालं. दुसऱ्या दिवशी मिलच्या बायांनी ओटा धुतला, आणि सगळं पाणी सरसर वाहत एका अंगाला गेलं. धानाचा ओटा उताराचाच असतो, नाहीतर पाणी साचून धान कुजेल. हे वडशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, पुंडलिकालाही ठाऊक, पण गुळगुळीत दिसला म्हणून तो विसरला. म्हणजे गाडी उतारावर तिरपी उभी होती, आणि मागचा भाग त्यानं ओळंब्यानं अगदी सरळ जोडला होता. रस्त्यावर आणल्यावर नाक सरळ, ढुंगण डावीकडं दोन बोटं खाली.

पुंडलिकानं कपाळावर हात मारला. "दादाजी, आठ रोज द्या, कापून सरळ करून देतो."

दादाजी म्हणाले, "मंडई तोंडावर आली बे. चालते ना गाडी? मंग चालू दे. उन्हाळ्यात पाहू."

गाडी चालली. पुकारायला गंगाधर असायचा. दिवसा गाडीवर पुकारायचा, रात्री त्याच नाटकात राजा व्हायचा. सहा फूट उंच, आवाज असा की भोंगा नसता तरी चाललं असतं. "बायापोरांसहित या होऽऽ, बसाले आपापलं पोतं आना होऽऽ, 'सासूले लागलं कुलूप' नाटक पाहाले या होऽऽ!" असं तो बोंबलत जायचा आणि गाडी कललेली असल्यानं सारखा उजव्या हाताला घसरत जायचा, कारण तोंड मागं असल्यानं गाडीची डावी बाजू ती त्याची उजवी. एकदा एका गावी तलावाच्या पाळीवर वळण आलं. पाळ डावीकडं उतरती, गाडी आधीच डावीकडं उतरती. गंगाधर माइकसकट शिंगाड्याच्या पाण्यात. लोक हसले, आम्हीही हसलो, तो स्वतःही हसला. पण पडताना उजवा खांदा काठच्या दगडावर आपटला होता. तो खांदा पुन्हा कधी धड झाला नाही, हात डोक्याच्या वर जाईना. तलवार उचलता न येणारा राजा कोण पाहील? पुढच्या मंडईपासून गंगाधर प्रधान झाला, आणि प्रधान म्हणूनच म्हातारा झाला.

त्या पडण्यानंतर दादाजींनी गाडी माझ्याकडे पाठवली. कापायला वेळ नव्हताच. मी सीटखाली एका अंगाला काथ्या जास्त भरला, डावीकडं जाड, उजवीकडं पातळ, पाचरीसारखी उशी केली. गाडी वाकडी, सीट वाकडी, पण बसलेला माणूस सरळ. माझ्या हातचं ते सगळ्यात चांगलं काम, असं मी आजही म्हणतो. पुंडलिक मात्र माझ्यावर भडकला. "तुह्या उशीनं घात केला माहा! आता कोन कापते ती गाडी?" खरंच कोणी कापली नाही. दरवर्षी मंडईच्या आधी त्यानं विचारायचं आणि दादाजींनी उन्हाळ्याचं नाव सांगायचं, उन्हाळ्यात दादाजींना गाडी आठवायचीच नाही. पुढं मोबाइल आले, जाहिरात मोबाइलवर यायला लागली, गाडी मिलच्या शेडमध्ये पोत्यांखाली गेली. दादाजी गेले, गंगाधरही गेला.

मग हेमलकश्याकडं फिरायला चाललेल्या कोण्या हौशी माणसानं त्या शेडमध्ये गाडी पाहिली, फोटो काढला आणि टाकला नेटवर. झालं! शौकीन माशांसारखे घोंघावले. नागपूरच्या कौस्तुभ नावाच्या एका उद्योगी माणसानं दादाजींच्या मुलाकडून गाडी घेतली, आणि सीट कोणी शिवली हे शोधत माझ्यापर्यंत आला. पोरगा तसा वाईट नव्हता, पण शौकीन होता. त्यानं मला त्यांच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपमध्ये घातलं. तिथं त्या गाडीबद्दल जे लिहिलं जात होतं, ते वाचून मी दुपारची झोप सोडली.

एकानं लिहिलं, ही गाडी जमीनदाराची शिकारीची असणार, मागून येणाऱ्या वाघावर गोळी झाडायला उलटी सीट. वाघ काय गल्लीतलं कुत्रं आहे गाडीमागं धावायला? दुसऱ्याचं म्हणणं, मागची शेपटी परदेशी नावेच्या आकाराची आहे, बनवणाऱ्यानं विलायती मासिकं पाहिली असणार. पुंडलिकानं उभ्या जन्मात दोनच छापील गोष्टी पाहिल्या, नाटकाचं पोस्टर आणि विजेचं बिल. तिसरा म्हणे, हा खून आहे, इतक्या अस्सल गाडीला असं कापणाऱ्याला जेलमध्ये टाका. त्याच्यावर चौथा तुटून पडला. चार दिवस त्यांची नळावरच्या बायांसारखी जुंपली होती, आणि एकालाही "बनवणाऱ्याला विचारू" असं सुचलं नाही. माझ्या पाचरीच्या उशीला तर त्यांनी शरीरशास्त्रच चिकटवलं. मणक्याच्या कलाचा विचार करून बनवलेली म्हणे! मी काथ्या भरताना बिडी ओढत होतो, मणका बिणका काही डोक्यात नव्हता.

पण कळस केला पुण्याच्या एका गृहस्थानं. त्यानं गाडीच्या त्या कललेल्या ढुंगणावर लांबलचक लेख लिहिला. "या अनाम कलावंतानं सरळ रेषेचा माज नाकारला आहे. पुढचं शरीर स्थिर, मागचं झुकलेलं, जणू जंगलातलं जनावर वळण्याच्या क्षणी थबकलं आहे." त्याखाली शेदीडशे अंगठे, बदाम आणि हात जोडलेले. मी मोबाइल घेऊन पुंडलिकाकडं गेलो.

पुंडलिकाचे डोळे वेल्डिंगनं गेलेत. उजेड-अंधार कळतो, जवळ धरलं तर जाड अक्षर कळतं. हातही थरथरतो. खाटेवर बसला होता. मी एकेक वाचून दाखवलं. वाघाच्या गोळीवर तो खो खो हसला. विलायती मासिकावर छाती फुगवून म्हणाला, "अजून वाच." जेलवाल्याला त्यानं आईवरून शिवी दिली. मग मी पुणेकर वाचला.

"काय म्हनते तो? मुद्दाम केलं म्हनते?"

"मुद्दाम केलं, लई भारी केलं म्हनते."

"अबे पन ते चुकलं ना माहं!" तो ओरडला. "गंगाधराचा हात गेला त्याच्यानं. आनि हे लोक त्याच्यावर बदाम काढून राह्यले?"

मग माझा हात धरून म्हणाला, "आनंदा, त्या पोट्ट्याले सांग. मले काईच नको. एक चांगला वेल्डर दे म्हना, मी बाजूले बसून सांगतो. चार जागी कापाचं, डाव्या अंगानं दोन बोटं उचलाचं, शिवाचं. दोन दिवसाचं काम आहे. डोळे मिटाच्या आधी ती गाडी सरळ पाहिजे मले."

हट्टी माणूस, पण इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी तिथूनच कौस्तुभला फोन लावला. तो हसला. "काका, तेच तर तिचं सौंदर्य आहे! ते सरळ केलं तर उरलं काय?" मी म्हटलं, "गाडी उरंल." त्याला वाटलं मी गंमत करतोय. आणि तो म्हणाला, मिस्त्रींना घेऊन या, चंद्रपूरला मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, त्यांचा सत्कार करू. पुंडलिकाला मी सांगितलं तर तो लगेच तयार झाला. "तोंडावर सांगतो त्याले. माईकवर सांगतो. मंग कसा नाई म्हनते?"

सकाळच्या बसनं गेलो. पुंडलिकानं धुतलेलं धोतर, मुलाचा कोट. मैदानात गाड्या अशा चकाकत होत्या की एकही चालणारी वाटत नव्हती. त्यांच्याभोवती माणसं हात मागं बांधून फिरत होती, माना तिरप्या करून. आमची पांढरी गाडी मधोमध, आता काळ्याभोर रंगात, भोवती जाड दोरी बांधून. पुंडलिक दोरी ओलांडून गेला आणि हातानं चाचपत शेपटीपर्यंत पोचला. तिथं उभं राहून डाव्या आणि उजव्या कडेवर पंजा ठेवून त्यानं अंदाज घेतला. "तेवढंच आहे बे, दोन बोटं," असं मला म्हणाला. एका कार्यकर्त्यानं येऊन सांगितलं, "काका, गाडीला हात लावू नका." मी त्या कार्यकर्त्याला जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, झेंडूचा हार. कौस्तुभनं माइक हातात दिला. पुंडलिक बोलला, आणि नीट बोलला. ओटा उताराचा होता, ओळंबा सोडला, मागचं वाकडं बसलं. "हे माहं चुकलं. आमचा एक मानूस याच्यानं पडला, त्याचा हात गेला. राजा होता तो, प्रधान झाला. आता मले ते सरळ करू द्या, एवढंच मांगतो."

मला वाटलं, पोचलं. आणि मग टाळ्या. अशा टाळ्या की थांबता थांबेनात. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "किती विनम्र आहेत! एवढं मोठं काम करून म्हणतात चुकलं!" पुण्याचा तो लेखवाला जातीनं हजर होता, त्यानं येऊन पुंडलिकाचे पाय धरले. एका तरण्यानं विचारलं, काका, मागची चाकं किती इंचाची? माझं डोकं फिरलं. मी मोठ्यानं म्हटलं, "अहो, तो खरंच चुकलं म्हनून राह्यला!" लोक माझ्याकडं पाहून मायेनं हसले.

पुंडलिकाला टाळ्यांचा अर्थ कळला होता की नाही, मला सांगता येत नाही. कौस्तुभ त्याला गाडीपाशी घेऊन गेला, हातात जाड पांढरा मार्कर दिला आणि म्हणाला, "काका, तुमच्या गाडीवर सही करा." पुंडलिकानं मार्कर बोटांत फिरवून पाहिला. मग तो वाकला. मिस्त्री लोक कापायच्या आधी पत्र्यावर खडूनं खूण करतात, आडवी रेघ आणि दोन्ही टोकांना छोटे बाण, म्हणजे कापणाऱ्याचा हात भरकटत नाही. त्यानं हातानं जोड शोधून काढला आणि त्या चकाकत्या काळ्या रंगावर रेघ मारली. मग दुसरी, मग गाडीच्या पलीकडं जाऊन आणखी दोन. हात थरथरत होता, पण रेघ सरळ होती. प्रत्येक रेघेशेजारी त्यानं मोठ्या अक्षरात लिहिलं, "काप". आणि डाव्या अंगाला वर जाणारा बाण काढून "२ बोट". मार्कर परत देऊन मला म्हणाला, "चाल आता. झालं. आता कोनीबी करू शकते."

कौस्तुभ आधी दचकला होता, मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही म्हटलं, चला, या पोराला समजलं. परतीच्या बसमध्ये पुंडलिक इतका खूश होता की मूल गावाचा स्टँड येईपर्यंत त्यानं दोन अनोळखी माणसांना चौकट कशी कापायची ते शिकवलं.

महिनाभर तो रोज विचारायचा, "फोन आला का रे? कापली का त्यानं?" फोन काही आला नाही. परवा ग्रुपमध्ये फोटो आला. गाडी कौस्तुभच्या नव्या काचेच्या दालनात उभी आहे, तशीच, डावीकडं कललेली. पुंडलिकाच्या चारही रेघा तिच्यावर आहेत, आणि त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर वरून पारदर्शक लाखेचा हात मारून पॉलिश केलं आहे. खाली लिहिलंय, "मिस्त्रींच्या हातच्या खुणा, कायमच्या जपल्या." बदाम मोजायची माझी छाती झाली नाही.

मी पुंडलिकाकडं गेलो. खोटं बोलायचं ठरवून गेलो होतो, पण त्याच्यासमोर मला ते कधी जमलं नाही. मी सगळं सांगितलं, लाखेसकट. त्यानं खाटेच्या काठावर पंजा दाबला.

मग म्हणाला, "आनंदा, मी 'काप' लिहिलं होतं ना?"

"लिहिलं होतं."

"मराठीत?"

"मराठीतच."

"मंग वाचता येत नाई का बे त्याहिले?"